दफ्तराचा पेहराव आणि वाचकाचा हक्क



 व्याख्यानाच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून काहींना असे वाटले असेल की, संगणकाच्या कारागिरांनी आपसात बोलावयाची ही गोष्ट सार्वजनिक व्यासपीठावर कशासाठी आणावी? माझे उत्तर असे की, सरकारचे दफ्तर आता ज्या पडद्यावर उघडते त्या पडद्याची रचना हा कारागिरांचा खाजगी मामला राहिलेला नाही. चावडीची पायरी किती उंच असावी हा प्रश्न जसा एकट्या गवंड्याचा नसतो, तसाच हाही नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात आपल्या जिल्ह्याचे नाव अहमदनगराऐवजी अहिल्यानगर झाले. १४९० साली मलिक अहमदाने वसविलेल्या शहराचे नाव जाऊन, १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाईंचे नाव आले. त्याच्या युक्तायुक्ततेची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला कुतूहल आहे ते पाटी रंगविणाराच्या दृष्टीने. एका जिल्ह्याचे नाव बदलावयाचे म्हणजे कचेऱ्यांच्या दारांवरील पाट्या, रबरी शिक्के, अर्जांचे छापील नमुने यांच्याबरोबर संकेतस्थळांची असंख्य पानेही बदलणे आले. जेथे संकेतस्थळ नीट रचलेले असते तेथे नाव एकाच ठिकाणी लिहिलेले असते, आणि बाकीची सारी पाने ते तेथून उचलतात. जेथे ते नीट रचलेले नसते तेथे नाव कुठे चित्रात कोरलेले, कुठे मथळ्यात टंकलेले, कुठे एखाद्या विसरलेल्या पानाच्या तळाशी पडलेले आढळते आणि ते हुडकून काढण्यात कारकुनाचे महिने जातात. आणि नाव बदलणे ज्या रचनेमुळे सोपे होते, त्याच रचनेमुळे ते पान दृष्टिहीन माणसालाही वाचता येते. वेश बदलण्याची सोय आणि सर्वांना वाचता येण्याची सोय या दोन गोष्टी एकाच मुळातून निघतात, एवढेच प्रतिपादन मला आज करावयाचे आहे.

याची कुळकथा थोडक्यात सांगतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली. तिच्यासाठी त्यांनी रचलेल्या मार्कअपमध्ये मजकुराच्या अर्थाच्या खुणा होत्या: हा मथळा, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा. तो मथळा तांबडा दिसावा की निळा, याविषयी त्या खुणांना काही म्हणावयाचे नव्हते. परंतु लोकांना सजावट हवी होती, आणि सजावटीचे स्वतंत्र साधन नसल्यामुळे ती अर्थाच्याच खुणांत कोंबली जाऊ लागली. आकड्यांसाठी केलेल्या तक्त्याचा उपयोग पानाचे रकाने पाडण्यासाठी होऊ लागला, रिकाम्या चित्रांनी जागा भरल्या गेल्या, आणि मथळा म्हणजे केवळ मोठ्या टाइपातला मजकूर असा समज रूढ झाला. हा घोटाळा दूर करण्यासाठी हाकोन व्हिउम ली या नॉर्वेजियन संशोधकाने १९९४ च्या ऑक्टोबरात असा प्रस्ताव मांडला की, सजावटीचे नियम एका वेगळ्या कागदावर लिहावेत व ते मजकुरास बाहेरून लागू करावेत. १९९६ च्या डिसेंबरात त्यास प्रमाण म्हणून मान्यता मिळाली, आणि आज ज्याला आपण स्टाइलशीट किंवा सी.एस.एस. म्हणतो ते जन्मास आले.

पंढरीच्या विठोबाला सणावाराप्रमाणे निरनिराळे पोशाख चढविले जातात, पण मूर्ती तीच राहते. मूर्ती आणि पोशाख हे दोन्ही वेगळे आहेत म्हणूनच हा बदल निर्वेधपणे चालतो. स्टाइलशीटने वेबवर हेच केले. मजकूर व त्याच्या अर्थाच्या खुणा जागच्या जागी राहतात, आणि रंग, अक्षराचा आकार, रकान्यांची रुंदी ही वरून चढविली जातात. गेल्या दशकात सर्व ब्राउझरांनी आणखी एक सोय दिली. मुख्य रंग, दुय्यम रंग, पार्श्वभूमी, मजकुराची शाई अशी नावे एकदाच घोषित करावयाची आणि मग नियमांत सर्वत्र प्रत्यक्ष रंगाऐवजी ती नावेच वापरावयाची. म्हणजे नावापुढचा रंग एका ओळीत बदलला की हजार पानांचा पेहराव बदलतो. यालाच कारागीर लोक थीम म्हणतात.

आपल्या जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ याच विचाराच्या परंपरेतील आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने एस-थ्री-वास नावाची जी व्यवस्था उभारली तिच्यावर देशभरातील जिल्ह्यांची संकेतस्थळे चालतात. सांगाडा एक, पेहराव निवडीचा. जिल्हा कचेरीने साच्यांतून एक पसंत करावा आणि मजकूर भरावा. ज्या काळी प्रत्येक कचेरी आपापल्या ओळखीच्या ठेकेदाराकडून आपापले स्वतंत्र संकेतस्थळ करवून घेई, आणि तो ठेकेदार नाहीसा झाला की ते तसेच धूळ खात पडे, त्या काळाच्या मानाने ही सुधारणा फार मोठी आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने आपल्या सर्व संकेतस्थळांसाठी रंग, अक्षरवळण व चिन्हे यांची एकच नियमपुस्तिका काढली, तीही याच वाटेवरची. पण साचा चांगला असला तरी त्यात भरलेला मजकूर चांगला असेलच असे नाही. उत्तम साच्यात जाहीरनाम्याचे तिरके छायाचित्र चिकटविले की साच्याचे सगळे पुण्य क्षय पावते, आणि अशी छायाचित्रे, महाराष्ट्रातील कोणत्याही कचेरीचे संकेतस्थळ उघडा, पहिल्या दहा मिनिटांत सापडतील.

आता मराठीच्या खास अडचणीकडे वळतो. या संबंधात इंग्रजी ग्रंथ फार मदत करीत नाहीत, म्हणून येथे थोडे रेंगाळणे मला आवश्यक वाटते.

युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे आपल्याकडे मराठी मजकूर असा लिहिला जाई की, संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरे ठेवावयाची आणि विशिष्ट फाँटच्या जोरावर त्यांना देवनागरीचे रूप द्यावयाचे. फाँट असेल तर मराठी, नसेल तर निरर्थक चिन्हांची रास. मराठी दैनिकांची संकेतस्थळेही वाचकाला आपापला फाँट उतरवून घ्यावयास लावीत. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहून ठेवले ते परक्यांनी वाचू नयेत म्हणून, हेतुपुरस्सर. आमच्या कचेऱ्यांनी मात्र कोणताही हेतू नसताना आपला मजकूर गुप्त लिपीत घातला. डोळस माणसाला निदान रूप तरी दिसे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा स्क्रीन रीडर रूप पाहत नाही, तो पोटातील अक्षरे वाचतो. त्याला मराठीच्या जागी इंग्रजी व्यंजनांचा खडखडाट ऐकू येई. असे जुने मजकूर अजूनही कचेऱ्यांच्या संगणकांवर पडून आहेत, आणि त्यांची रूपांतरे करणे हे कोणत्याही पुनर्रचनेतील पहिले, कंटाळवाणे व अपरिहार्य काम आहे.

दुसरी गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे. प्रत्येक पानाच्या आरंभी त्या पानाची भाषा कोणती ते सांगणारी एक खूण असते. अनेक तयार साच्यांत ती इंग्रजी असते, आणि मराठी मजकूर भरणारा ती बदलण्याचे विसरतो. परिणाम असा की, स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजाने मराठी पान वाचू पाहतो. कधी अडखळतो, कधी अक्षरे गाळतो, कधी मौन धारण करतो. तीच खूण मराठीची केली की तो मराठी आवाज निवडतो. शिवाय, ज्या फाँटांत मराठीची सोय केलेली असते ते तीच खूण पाहून ल आणि श यांची मराठी वळणे दाखवितात. एरवी हिंदी वळणे येतात. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने प्रमाण मराठी अक्षरवळणे ठरवून दिली, पण शासनाच्याच पानांवर हिंदी वळणाचा ल दिसतो त्याचे कारण पुष्कळदा एवढी एक विसरलेली खूण असते. दृष्टिहीनाची सोय आणि लिपीची शुद्धता दोन अक्षरांच्या एका दुरुस्तीने साधते. इतका स्वस्त सौदा शासनव्यवहारात क्वचितच मिळत असेल.

तिसरी गोष्ट अक्षरांच्या देहाची. रोमन अक्षर ओळीवर बसते. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा व रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांची शेपटे. रोमन मापाने आखलेल्या बटनांत मराठी शब्द घातला की त्याचे उकार कापले जातात. इंग्रजी मथळ्यांत अक्षरे विरळ करण्याची एक नागर हौस आहे. तीच मराठीस लागू केली की शिरोरेषा तुटून अक्षरे सुटी सुटी लोंबू लागतात. म्हणून मराठी थीमला ओळींमधले अंतर अधिक हवे, अक्षरांमधले अंतर नैसर्गिक हवे, आणि चौकटींची उंची ठराविक न ठेवता मजकुराबरोबर वाढणारी हवी. वाचकाने अक्षर दुप्पट केले तरी पान मोडता कामा नये, असा वेबच्या सुगम्यतेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांचाही दंडक आहे.

मार्गदर्शक तत्त्वांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ती प्रथम १९९९ साली प्रसिद्ध केली. दुसरी आवृत्ती २००८ ची, आणि तिच्या सुधारणा २०१८ व २०२३ च्या. त्यांतील एक कसोटी मला फार आवडते, कारण ती अभिरुचीचा वाद मोजपट्टीने मिटविते. साधा मजकूर व त्याची पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर निदान ४.५ असावे, मोठ्या टाइपास ३ पुरे. आता आपल्याकडील लोकप्रिय पेहराव घ्या: केशरी पट्टा आणि त्यावर पांढरी अक्षरे. ध्वजाच्या म्हणून सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या केशरी छटेवर पांढऱ्या अक्षराचे गुणोत्तर सुमारे २.१ येते, म्हणजे मोठ्या टाइपातसुद्धा ते अनुत्तीर्ण. त्याच केशरीवर काळे अक्षर ठेवा, गुणोत्तर ९ च्या वर जाते. केशरी रंगाचा अभिमान सोडण्याची कोणाला गरज नाही, फक्त शाई बदलावयाची आहे. जेथे रंगांना नावे दिलेली असतील तेथे ती एका ओळीची दुरुस्ती आहे. नसतील तेथे तीच शेकडो पानांची.

आता या जिल्ह्याच्या, किंबहुना साऱ्या महाराष्ट्राच्या, सर्वांत जास्त वाचल्या जाणाऱ्या कागदाकडे येऊ. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा हा जिल्हा. येथील घराघरांत ज्या कागदावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो तो कागद म्हणजे सातबारा. मलिक अंबराच्या जमाबंदीच्या आठवणी ज्या मुलखात अजून निघतात तेथे जमिनीच्या नोंदीचे माहात्म्य मी काय सांगावे? गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा हा उतारा २०२० च्या सप्टेंबरात पुष्कळ वर्षांनी नव्या रूपात आला. गावाच्या नावाबरोबर त्याचा संकेतांक आला. लागवडीयोग्य व पोटखराब क्षेत्र वेगवेगळे दाखवून त्यांची बेरीज दिली गेली. पूर्वी इतर हक्कांच्या रकान्यात पडणारा खाते क्रमांक खातेदाराच्या नावासमोर आला. दोन खातेदारांच्या नावांमध्ये तुटक रेषा आली. प्रलंबित फेरफार असल्यास तसे नमूद होऊ लागले. हे सर्व बदल वाचकाचा विचार करून केलेले आहेत, आणि महसूल खात्याविषयी एरवी आपण जे बोलतो ते ध्यानात घेता, त्यांची प्रशंसा करणे न्यायाचे आहे.

परंतु त्याच बदलांत एक बदल असा आहे की ज्यावर मी बराच विचार केला. मयत खातेदाराचे नाव किंवा फेडलेल्या कर्जाचा बोजा पूर्वी नुसता कंसात दाखवीत. नव्या नमुन्यात कंसातील नोंदीवर आडवी रेघही मारलेली असते. डोळसाला हे उत्तम. कंस नजरेतून सुटू शकतो, खोडलेले नाव सुटत नाही. पण हा उतारा कानांनी वाचणारा जो कोणी असेल त्याला ती रेघ कोण सांगणार? रेघ जर केवळ स्टाइलशीटने ओढली असेल तर स्क्रीन रीडरला ती रेघ म्हणजे काहीच नाही. तो कालवश झालेल्या माणसाचे नाव हयात मालकाच्याच सुरात वाचून पुढे जातो, आणि फेडलेले कर्ज डोक्यावर उभे असल्याचे सांगतो. मार्कअपमध्ये मात्र ‘हा मजकूर रद्द झाला’ असे सांगणारी स्वतंत्र खूण आहे. ती वापरली तर आवाजाला निदान ‘रद्द’ असे म्हणण्यास आधार मिळतो. आणि त्याहूनही निर्धोक उपाय म्हणजे नोंदीपुढे ‘कमी केले’ हे शब्दच लिहिणे. उतारा चित्ररूपाने दाखविला तर हेही शक्य राहत नाही, कारण चित्राच्या पोटात अक्षरेच नसतात.

रकान्यांचेही असेच. डोळस माणूस ‘२.४०’ हा आकडा पाहून वर नजर टाकतो व हे क्षेत्र आहे की आकारणी ते ठरवितो. कानाने वाचणारास वर पाहता येत नाही. तक्त्याच्या मार्कअपमध्ये शीर्षकाचे खाने शीर्षक म्हणून घोषित केले असतील तरच आवाज त्यास सांगतो: क्षेत्र, दोन पूर्णांक चाळीस. नसतील तर नुसते आकडे एकामागून एक कोसळत राहतात. असा तक्ता पडद्यावर कितीही रेखीव दिसला तरी तो तक्ता नव्हे, रांगोळी आहे.

येथे कोणी म्हणेल की, आमच्या संकेतस्थळावर तर अक्षर लहानमोठे करण्याची बटने आहेत, काळ्या पार्श्वभूमीचे बटन आहे, मग आणखी काय पाहिजे? ही बटने मी निरुपयोगी म्हणत नाही. वार्धक्यामुळे दृष्टी मंदावलेल्यांना ती उपकारक आहेत. पण ज्याला दिसतच नाही त्याला ती नकोत, आणि ज्याला थोडे दिसते त्याच्या ब्राउझरात मोठे करण्याची सोय आधीच असते. माझा आक्षेप निराळाच आहे. ही बटने लावल्याने कर्तव्य पूर्ण झाल्याचे समाधान मिळते आणि खालचे मार्कअप तसेच राहते. अर्जाच्या चौकटीशी तिचे नाव जोडलेले नसते, म्हणून ऐकणाराला केवळ ‘रिकामी चौकट, रिकामी चौकट’ असे ऐकू येते. मथळे केवळ ठळक टाइपात असतात, म्हणून मथळ्यावरून मथळ्यावर जाण्याची कळ दाबून तो कोठेच पोहोचत नाही. आणि माउसवाचून उघडणार नाही असा मेनू त्याच्यापुढे कुलूप होऊन उभा राहतो. वरून तयार अवजार चिकटवून अशा पानाचा उद्धार होतो असे सांगणाऱ्या विक्रेत्यांवर, माझ्या मते, अजिबात विश्वास ठेवू नये.

कायद्याची बाजू फारशी लांबवीत नाही. १९९५ च्या कायद्याच्या जागी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आला, अपंगत्वाचे प्रकार सातांचे एकवीस झाले, आणि माहिती-तंत्रज्ञानाची सुगम्यता हा कायद्याचा विषय झाला. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शिका तर २००९ पासून आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सुगम्यतेचे मानदंड केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे, सक्तीचे नियम करा. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. म्हणजे हुकूम आहे, तामिली राहिली आहे. आपल्या देशात ही काही नवी परिस्थिती नव्हे.

खर्चाचा मुद्दा निघतो, आणि त्याबरोबर दबक्या आवाजात दुसराही निघतो की, असे वाचणारे लोक आहेत तरी किती? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांवर दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्या सर्वांना स्क्रीन रीडर लागतो असे नाही, आणि तो लागणाऱ्यांस तो विकत घ्यावा लागतो असेही नाही. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन व जेम्स टे या दोन दृष्टिहीन तरुणांनी सुरू केलेला एन.व्ही.डी.ए. विनामूल्य मिळतो. पण मी हा प्रश्न आकड्यावर सोडूच देणार नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखले ठराविक मुदतीत मिळण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिला व अर्ज पडद्यावर आणले. ज्याला तो पडदा वापरता येत नाही तो सेतू केंद्रात जातो, दुसऱ्याच्या हाती आपला आधार क्रमांक देतो, आपले उत्पन्न, आपला आजार, आपले घरगुती तंटे त्याच्यासमोर उघडे करतो. डोळस नागरिकाला जे गुप्त राखता येते ते यास राखता येत नाही. शिवाय, भर उन्हात बांधावर उभा राहून स्वस्त फोनच्या चरे पडलेल्या काचेवर फिकट करडी अक्षरे वाचू पाहणारा शेतकरी हा त्या क्षणापुरता मंददृष्टीच असतो. गडद शाई त्याच्याही कामाची आहे.

पुनर्रचना करावयाची ती कोणत्या क्रमाने, याविषयी माझे मत स्पष्ट आहे. नव्या रंगरूपापासून आरंभ करू नये, कारण उद्घाटन त्याचेच होते व काम तेथेच थांबते. प्रथम जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्ये आणावा. मग भाषेची खूण, मथळे, तक्ते, अर्जांच्या चौकटी व चित्रांची वर्णने दुरुस्त करावीत. त्यानंतर नियमांत विखुरलेले रंग गोळा करून त्यांना नावे द्यावीत. आणि थीम सर्वांत शेवटी. एकदम सगळे संकेतस्थळ पाडून नवे उभारण्याची हौस ठेकेदारास परवडते, नागरिकास परवडत नाही. सर्वांत जास्त उघडली जाणारी पाने आधी घ्यावीत आणि बाकीची हळूहळू. मजकूर भरणाऱ्या लिपिकाला दोन दिवसांचे शिक्षण द्यावे, कारण साचा कितीही शहाणा असला तरी छायाचित्र चिकटवणारा हात त्याचा असतो, आणि त्याला आजवर हे कोणी सांगितलेलेच नसते.

या सभागृहात महसूल खात्यातील मंडळी आहेत, महाविद्यालयांतील संगणकाचे अध्यापक आहेत, आणि अशी कामे घेणारे तरुणही आहेत. अध्यापकांना माझी विनंती आहे की, विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाला गुण देताना माउस बाजूला ठेवून एकदा केवळ कळफलकाने तो चालवून पाहावा. आणि अधिकाऱ्यांना विनंती अशी की, संकेतस्थळाच्या प्रत्येक निविदेत एक कलम घालावे: स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन नागरिकाने, योग्य मानधन घेऊन आणि कोणाच्याही मदतीवाचून, त्यावर एक अर्ज पुरता दाखल करून दाखविल्याखेरीज कामपूर्तीचा दाखला देऊ नये व शेवटचे देयक मंजूर करू नये.